त्या दिवशी तुमची ड्युटी कोणी केली?

आमच्या कॅटरिंग कॉलेजच्या जुन्या बॅचचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी तिथे वाढदिवसाचे केक, कोणाच्या तरी बदलीची बातमी आणि ‘दोन कॉमी (कनिष्ठ आचारी) पाहिजेत, राहणं-खाणं मोफत’ एवढंच असतं. गेल्या ऑक्टोबरात मात्र तो तीन दिवस पेटला होता. निमित्त एका पोस्टरचं. पुण्यातल्या एका हॉटेलाने १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनासाठी आपल्या कर्मचाऱ्यांचं ‘कळसूबाई चॅलेंज’ जाहीर केलं होतं. राज्यातलं सर्वांत उंच शिखर चढा, मनावरचा ताण उतरवा, आणि जमलेला निधी याच धंद्यातल्या अडचणीतल्या लोकांना द्या. ग्रुपचे सरळ दोन तट पडले. एक तट म्हणे, हे सगळं फोटोसाठी चाललंय. पगार वाढवा, तास कमी करा, डोंगर कसले चढवता? दुसरा म्हणे, कोणीतरी काहीतरी करतंय ना, तुम्ही बसा आयुष्यभर नावं ठेवत. दोनशेच्या वर मेसेज पडले. पण ही माणसं डोंगरावर असतील त्या दिवशी त्यांची ड्युटी कोण करणार, आणि तो दिवस कोणाच्या खात्यातून कापला जाणार, हे त्यांत एकानेही विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हॉटेलात राबणाऱ्यांनी डोंगर जरूर चढावा आणि हॉटेलांनी त्यांना हौसेने न्यावं. फक्त तो दिवस पगारी ड्युटीत धरलेला असावा, आठवड्याची सुट्टी शाबूत ठेवून. तसं नसेल तर ती आणखी एक शिफ्टच असते, चढाची. म्हणून अशा ट्रेकची उंची शिखरावरून मोजू नये, रोस्टरवरून, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावरून मोजावी. मी स्टुअर्ड म्हणून लागलो आणि अकरा वर्षांनी बँक्वेट कॅप्टन, म्हणजे मेजवान्यांच्या वाढप्यांचा मुकादम, म्हणून बाहेर पडलो. मधल्या काळात अशाच एका ट्रेकला गेलोही होतो. त्यामुळे दोन्ही तटांचं अर्धं-अर्धं मला पटतं, आणि दोघांचाही रागही येतो.

ट्रेकवाल्यांची बाजू ग्रुपवर जेवढी मांडली गेली त्यापेक्षा बरीच भक्कम आहे. चालण्याने आणि व्यायामाने उदासी, चिंता कमी व्हायला मदत होते हे आता वादाचं राहिलेलं नाही. सौम्य नैराश्यात डॉक्टर स्वतःहून ते सुचवतात. हॉटेलातल्या माणसाला तर दिवसाचा उजेड हीच चैन. किचन तळघरात, बँक्वेट हॉलला खिडकी नाही, आणि पाऊस सुरू झाल्याचं पाहुण्यांच्या ओल्या छत्र्यांवरून कळतं. दुसरी गोष्ट हुद्द्यांची. किचनची उतरंड एस्कोफिए या फ्रेंच शेफने फौजेवरून बेतली, आणि उतरंडीत सर्वांत खालचं मडकं सगळ्यांचं वजन पेलतं. डोंगरावर हे सगळं थोडं हलतं. शिडीवर मोरीतला पोऱ्या पुढे असतो आणि एक्झिक्युटिव्ह शेफ खाली कठडा धरून धापा टाकत असतो. मग तोच पोऱ्या दोन पायऱ्या उतरून त्याची सॅक घेतो. हे मी पाहिलंय.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट बोलण्याची. आपल्याकडे पुरुषमाणूस समोरासमोर बसून मनातलं काढत नाही. चालताना नजर वाटेवर असते, समोरच्याचा चेहरा वाचावा लागत नाही, मध्येच गप्प झालं तरी दम लागला म्हणून खपतं. आमच्या ट्रेकला पहिल्या शिडीखाली थांबलो असताना तंदूरवरच्या वस्तादाने मला सांगितलं, की चार महिने झाले, झोप लागत नाही, आणि भट्टीसमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं. सहा वर्षं आम्ही एका छपराखाली काम करत होतो. त्या सहा वर्षांत आमचं बोलणं ‘दोन रोटी, एक नान, जरा लवकर’ याच्यापुढे गेलं नव्हतं. डोंगर नसता तर ते वाक्य त्याच्या पोटातच राहिलं असतं. ‘फोटोसाठी चाललंय’ म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना याचं उत्तर द्यावं लागेल.

पण पुढचंही सांगतो. खाली आल्यावर मी शेफला हे सांगितलं. शेफ काही वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “तंदूरवर दुसरा माणूस दे, आत्ता पाठवतो त्याला घरी.” दुसरा माणूस नव्हता. त्याच आठवड्यात दोन लग्नं होती. वस्ताद दोन्ही लग्नांना भट्टीसमोर उभा राहिला आणि महिनाभरात नोकरी सोडून गेला. कुठे गेला ते कोणाला ठाऊक नाही. त्याला बोलायला जागा मिळाली, मला ऐकायला मिळालं. ऐकून झाल्यावर करता येण्यासारखं मात्र काही ठेवलेलंच नव्हतं. आमच्या लॉकर रूममध्ये आता टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकाचं पत्रक लावलंय, असं जुने सहकारी सांगतात. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा चांगली आहे, चोवीस तास चालते. फक्त ड्युटीवर मोबाइल लॉकरमध्येच ठेवायचा असतो.

ब्रेक शिफ्ट म्हणजे काय, हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. सकाळी ११ ते ३, मग संध्याकाळी ७ ते साडेअकरा. कागदावर साडेआठ तास भरतात, म्हणजे सगळं कायदेशीर वाटतं. मधले चार तास ‘तुमचे’. पण घर धायरीला किंवा वाघोलीला, जाऊन-येऊन अडीच तास बसमध्ये; मग माणूस बँक्वेटच्या चार खुर्च्या जोडून आडवा होतो. ज्याला खुर्च्या मिळत नाहीत तो तांदळाच्या पोत्यांवर. मुलगी शाळेतून येते तेव्हा बाप पोत्यांवर, आणि बाप घरी येतो तेव्हा मुलगी झोपलेली. सकाळी दहाला घर सोडलेला माणूस रात्री एकला पोचतो. खर्ची पडलेला दिवस पंधरा तासांचा, पगाराला धरलेला साडेआठ. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने कामाच्या पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा पसारा साडेदहा तासांत बसवायला सांगितला, आणि अधूनमधून चालणाऱ्या कामाला १२ तासांची सवलत दिली. अकरा ते साडेअकरा हा पसारा त्या सवलतीतही मावत नाही. शिवाय दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणांना त्यातल्या बहुतेक तरतुदी लागूच नव्हत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो उंबरठा दहावरून वीस माणसांवर न्यायला आणि दिवसाच्या कामाचे ९ तास १० करायला मंजुरी दिली. पुढच्याच महिन्यात मानसिक आरोग्य दिनाची पोस्टरं लागली.

यात हसण्याची मजुरी वेगळी. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये हवाई सुंदरींचा अभ्यास करून ‘भावनिक श्रम’ अशी कल्पना मांडली. राग गिळून चेहऱ्यावर आनंद ठेवणं हेही कामच आहे आणि त्यानेही माणूस थकतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे या थकव्याला नाव नाही, सुभाषित मात्र आहे. प्रत्येक ब्रीफिंग रूमच्या भिंतीवर ‘अतिथिदेवो भव’ असतं. हे वाक्य तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीतलं. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू ते सांगतो. तो शिष्य आता गृहस्थ होणार. उंबरा त्याचा, कणगी त्याची, दारात आलेल्याला देव मानायचं की कसं हे ठरवणाराही तोच. ज्याच्या मालकीचा त्या हॉटेलात एक चमचाही नाही, त्याला हे वाक्य ऐकवण्यात काय अर्थ आहे? देव रात्री अकरा वीसला येतो, लास्ट ऑर्डर झाली म्हटलं की मॅनेजरला बोलवतो, आणि त्याच्या पनीर टिक्क्यासाठी विझत आलेला तंदूर पुन्हा फुलवावा लागतो. हा देव कधी-कधी आपणच असतो, हे लिहिताना मलाही आठवतं.

ग्रुपवर एकाने ऑक्सफर्डचा एक अभ्यास विजयी मुद्रेने टाकला होता. विल्यम फ्लेमिंग या संशोधकाने ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ मध्ये तो प्रसिद्ध केला. माइंडफुलनेसचे वर्ग, तणाव हाताळायचं प्रशिक्षण, झोपेची अ‍ॅप असे एकेका माणसाला सुधारायचे उपाय ज्यांना मिळाले आणि ज्यांना मिळाले नाहीत, त्यांच्या मनःस्थितीत फरक दिसला नाही, हा त्याचा निष्कर्ष. ट्रेकविरोधकांनी इथेच वाचन थांबवलं. त्याच अभ्यासात एक अपवाद आहे. ज्यांना दुसऱ्यासाठी काही करायची, स्वयंसेवेची संधी मिळाली ते थोडे बरे आढळले. निधीसाठी चढलेला डोंगर या अपवादाच्या जवळ जातो, उगाच कशाला नाकारायचं? मात्र ही एका वेळची पाहणी आहे. स्वयंसेवेने माणूस सुखी होतो, की मुळात ज्याच्या अंगात त्राण उरलंय तोच स्वयंसेवेला जातो, हे तिच्यावरून ठरत नाही. अकरा वर्षांच्या अनुभवावरून मी दुसऱ्या शक्यतेवर पैज लावेन. आमच्या ट्रेकला आलेले एक सोडून सगळे सकाळच्या शिफ्टचे होते. ब्रेक शिफ्टमधला एकच आला, तो वस्ताद.

आणि डोंगर सगळ्यांना सारखाच दिसतो, असं कोणी ठरवलं? आमच्या किचनमधली निम्मी मुलं टिहरी-पौडीकडची. मुंबई-पुण्याच्या कितीतरी हॉटेलांची चूल गढवाली हातांवर चालते. त्यांतला एक कॉमी कळसूबाई बकरीसारखा चढला, आम्ही पोचायच्या तासभर आधी माथ्यावर. देवळाच्या मागे एकटाच बसला होता, अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांकडे तोंड करून. मला वाटलं, पोरगं खूश आहे. विचारलं तर म्हणाला, “सर, घर दिख गया.” दोन वर्षं तो गावी गेला नव्हता. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस अशी भरपगारी रजा कायद्याने साठते, वर्षाला बारा-पंधरा दिवस. हरिद्वारला उतरून पुढे डोंगरात घर गाठायचं म्हणजे जाण्यायेण्यातच चार-पाच दिवस जातात; उरलेल्या दिवसांसाठी सीझनमध्ये कोण सोडणार? निसर्गाचा सहवास हे त्या पोराचं औषध आहे, असं कोणी त्याला सांगावं हा विनोद आहे. निसर्गाचा सहवास सोडूनच तर तो कांदा चिरायला आला होता.

‘चॅलेंज’ या शब्दाशी माझं आणखी एक भांडण आहे. आमच्या धंद्याचा आजारच सहनशक्तीची फुशारकी हा आहे. सोळा तास उभा होतो, ताप अंगावर काढून तीनशे कव्हर्स (पानं) केले, हात भाजला तरी लाइन सोडली नाही. या गोष्टी आम्ही पदकांसारख्या मिरवतो, आणि नव्या पोरांना त्याच ऐकवून तयार करतो. ज्याला अंग मोडेपर्यंत थांबताच येत नाही, त्याला थांबायला शिकवायचं, की आणखी एक शर्यत हातात द्यायची? ब्रिटनमध्ये बेन नेव्हिस, स्कॅफेल पाइक आणि स्नोडन ही तीन शिखरं चोवीस तासांत चढून निधी जमवायची पद्धत आहे. आचारी, बारवाले असे तिथले हॉटेलवालेही ती करतात. चोवीस तासांत तीन डोंगर आणि त्यांच्यामधला गाडीतला प्रवास, झोप मिळाली तर गाडीतच. हे वर्णन वाचून मला डबल बँक्वेटची रात्र आठवली. डोंगर न्यायचाच तर घड्याळ खाली ठेवून न्यावा. सगळ्यांत मागे असलेल्याच्या चालीने सगळ्यांनी चालावं, आणि ज्याला चढायचं नाही त्याने पायथ्याच्या बारी गावातल्या ओट्यावर झोप काढली तरी त्याचं नाव यादीत राहावं.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो. माझी सहानुभूती त्यांच्याकडे जास्त आहे, म्हणून तक्रारही जास्त आहे. ‘डोंगर नको, पगार द्या’ ही घोषणा ऐकायला कडक वाटते, पण तिच्यात एक जुना तुच्छभाव लपलेला आहे. राबणाऱ्याला भाकरी पुरे, बाकी वारा, उंची, चांदणं हे शिकल्या-सवरलेल्यांचं! १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज तयार केला, त्यावर साडेपाच हजार सह्या होत्या. वेळेवर पगार, जखमी झालेल्याला भरपाई या मागण्या त्यात होत्याच. पण त्यांच्या बरोबरीने रविवारची पूर्ण सुट्टी होती. पगाराचं मिटलं की सुट्टीचं बघू, असं ते म्हणाले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला दहा हजारांच्या आसपास कामगार सभेला जमले, दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, आणि त्या जूनमध्ये, १० तारखेला, गिरणी मालकांनी रविवार मान्य केला. रविवार म्हणजे खंडोबाचा वार. कोणी जेजुरीला जाईल, कोणी घरचं छप्पर शाकारील, कोणी नुसता पडून राहील. तो दिवस कसा घालवायचा हे विचारायचा हक्क त्या दिवसापुरता मालकाला उरला नाही.

योगायोग बघा, बेचाळीस वर्षांनी त्याच तारखेला, २४ एप्रिल १९३२ ला, इंग्लंडमधल्या किंडर स्काउट नावाच्या पठारावर मँचेस्टरकडचे काहीशे कामगार आणि बेकार पोरं घुसली. ती जमीन बड्या जमीनदारांची, पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली. पुढे पाच जणांना तुरुंगवास झाला. मंदीचा काळ होता, अनेकांना काम नव्हतं. तरी ‘आधी पोटाचं बघा’ असं म्हणत ती घरी बसली नाहीत. आठवडाभर धुरात काढलेल्या माणसाला रविवारी मोकळ्या डोंगरावर चालता आलं पाहिजे, हीसुद्धा त्यांना हक्काचीच बाब वाटत होती. मग आमच्या तंदूरवाल्याला, मोरीतल्या पोऱ्याला डोंगर म्हणजे चोचले, असं कोण आणि कोणत्या तोंडाने सांगणार? हे दोन्ही लढे डोंगर चांगला की पगार चांगला, या वादात पडले नाहीत. वेळ कोणाचा, हा त्यांचा प्रश्न होता.

लोखंड्यांनी मिळवलेल्या त्या रविवाराचं पुढे काय झालं, हेही हॉटेलवाल्याने सांगायला हवं. शहर रविवारी बाहेर जेवायला जाऊ लागलं. एकाची सुट्टी ती दुसऱ्याची सर्वांत मोठी शिफ्ट झाली. दुकानं, उपाहारगृहं आणि नाट्यगृहं यांतल्या नोकरांना आठवड्याला एक दिवस सुट्टी द्यावी, असा कायदा यायला १९४२ उजाडलं. गिरणीनंतर ५२ वर्षांनी. तो दिवस ‘वीकली ऑफ’ या नावाने आमच्या रोस्टरवर आहे आणि तोच सगळ्यांत आधी खाल्ला जातो. बदल्यात कॉम्प ऑफ, म्हणजे भरपाईची रजा, लिहून ठेवतात. ते कॉम्प ऑफ साठत-साठत राजीनाम्याच्या दिवशी रद्द होतात. मुंबईतल्या कन्नड रात्रशाळा एकेकाळी उडपी हॉटेलांतल्या पोरांनी भरलेल्या असायच्या, आणि त्यातून कितीतरी जण मॅट्रिक झाले, पुढे गेले. त्यांचं कौतुक करताना आपण एक तपशील विसरतो. शाळा कितीही चांगली असली, तरी संध्याकाळी सातला पोराला गल्ल्यावरून कोणीतरी ‘जा’ म्हणावं लागे. ज्याचा मालक ‘जा’ म्हणाला तो शिकला.

याच कारणाने ब्रिटनचा ट्रेक उचलून इथे आणताना सांभाळावं लागतं. तिथे हॉस्पिटॅलिटी अ‍ॅक्शनसारखी संस्था १८३७ पासून या धंद्यातल्या अडलेल्यांना मदत करते आहे, आणि जमलेला पैसा कुठे जाणार हे चढणाऱ्याला माहीत असतं. तिथल्या कायद्याने कर्मचाऱ्याला वर्षाला ५.६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. तिथेही शोषण आहे, तिथेही माणसं धंदा सोडून पळतात. पण डोंगराखाली निदान एक जोतं आहे. आपण जोतं सोडलं आणि कळस आणला. त्या पोस्टरवर निधी कोणाला मिळणार, अर्ज कुठे करायचा, कोण ठरवणार, याची एक ओळ नव्हती. टी-शर्टवर छापायच्या लोगोंची जागा मात्र ठरलेली होती.

मालकांची अडचण खरी आहे, हे मी कॅप्टन झाल्यावर कळलं. वीस टेबलांच्या हॉटेलात भाडं, गॅस, तेल आणि घरपोच डिलिव्हरीचं कमिशन वजा जाता हातात फार उरत नाही. सात माणसं एकदम डोंगरावर पाठवली तर शटर खाली ओढावं लागेल. त्याहून अवघड गोष्ट अशी, की अनेकांना सुट्टी नकोच असते. रविवारची टिप बुडते, ओव्हरटाइम बुडतो, गावी पाठवायचे पैसे कमी पडतात. ‘आम्ही देतो, तेच घेत नाहीत’ हे वाक्य मी मालकांच्या तोंडून ऐकलंय आणि ते खोटं नसतं. पण टिप बुडते म्हणून ज्याला सुट्टी परवडत नाही, त्याचा मूळ पगारच सुट्टीला धरून ठरवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘घेत नाहीत’ हा त्याचा स्वभाव समजू नये, तो हिशेब आहे. ट्रेकचा दिवस पगारी ड्युटी म्हणून धरला आणि त्या दिवसाचा सर्व्हिस चार्ज गेलेल्यांतही वाटला, तर किती जण नाही म्हणतात ते एकदा बघू.

राहिलं शटर. वारकरी पेरण्या उरकून वारीला निघतो. अगदी नांगरणीच्या ऐन दिवसांत उठून चालायला लागत नाही. आपल्याकडे अठरा-वीस दिवस चालण्याची ही एवढी मोठी परंपरा शेताच्या रोस्टरमध्ये बसवलेली आहे. हॉटेलांचाही मंदीचा काळ ठरलेला असतो. आषाढ संपला की सामिष हॉटेलांचा श्रावण, गोव्यात जून ते सप्टेंबर, शहरात पितृपक्ष. सात-सातच्या तुकड्या करून त्या दिवसांत न्यायला काय हरकत आहे? हरकत एकच, की १० ऑक्टोबर हुकतो आणि बातमी होत नाही. धो-धो पावसात कळसूबाईच्या शिड्यांवर नवख्यांना चढवू नये हे कबूल. पण दुसरे डोंगर काय कमी आहेत?

मला मात्र कळसूबाईच हवी, आणि त्याचं कारण त्या नावात आहे. पायथ्याच्या बारी गावाकडे कथा सांगतात, तिची रूपं वेगवेगळी आहेत. कळसू नावाची कोळ्याची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, ती एका अटीवर: केर काढणार नाही, भांडी घासणार नाही. बाकी सगळं करीन. एके दिवशी पाटलाकडे खूप पाहुणे आले. गर्दीत अट कोणाच्या लक्षात राहते? तिला नेमकी तीच कामं लावली. कळसू उठली, डोंगरावर निघून गेली, परत आली नाही. भांडी घासल्याच्या जागेला थाळेमेळ म्हणतात, केर काढल्याच्या जागेला काळदरा. १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक, आणि त्यावर देऊळ आहे ते कामाच्या अटी मोडल्या म्हणून काम टाकून गेलेल्या मोलकरणीचं. पाहुण्यांच्या गर्दीत! पोस्टर छापणाऱ्याला हे ठाऊक असतं, तर त्याने घाईघाईने दुसरं शिखर शोधलं असतं.

आमच्या ट्रेकच्या दिवशी खाली उतरून बारीत एका घरी जेवलो. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. ती बाई पहाटे तीनला उठली होती. शनिवारी रात्री मुंबई-पुण्याहून चढायला येणाऱ्यांना त्या वेळेला चहा लागतो. दिवसभरात ऐंशी-नव्वद पानं ती वाढत असेल, सून आणि एक नात हाताशी. तिला कोणी हॉस्पिटॅलिटी वर्कर म्हणत नाही, दहा माणसांच्या कायद्यातही ती बसत नाही, आणि डोंगर तिच्या परसातच आहे. जेवण संपलं तसे आम्ही सगळे एकदम उठलो. बोलल्याशिवाय, सवयीने. एकाने ताटं उचलून हातावर चळत लावली, दुसऱ्याने वाट्या गोळा केल्या, मोरीतला पोऱ्या तर राख कुठाय ते शोधत परसाकडे निघालाही. बाई चुलीपुढून ओरडली, “ठेवा ती ताटं! बसा खाली. आज सुट्टी हाय ना तुमची?”

कोणी काही बोललं नाही. रोस्टरवर त्या तारखेखाली आम्हा सगळ्यांच्या नावांपुढे ‘डब्ल्यू.ओ.’ लिहिलेलं होतं. वीकली ऑफ. ते मीच लिहिलं होतं.